समुद्र चाटणारा शेरू

लातूरहून कोकणात राहायला आलो, तेव्हा आमच्या शेरूने एवढं पाणी पहिल्यांदाच पाहिलं. टँकरच्या गावचं कुत्रं ते! धावत जाऊन त्याने समुद्राला तोंड लावलं आणि शिंकत, चिडून लाटांवर भुंकत सुटला. तरी रोज सकाळी तो पुन्हा चाटून बघतोच. नव्या गावात मीही असाच रोज नव्या उमेदीने माणसं चाखत होतो.

"मेल्या, खारा पाणी कित्याक पितस? हय ये!" शेजारच्या काकी अंगणातून ओरडतात आणि करवंटीत विहिरीचं पाणी ओततात. मागोमाग मलाही चहा मिळतो.

समुद्र गोड होणार नाही, हे शेरूला केव्हाच कळलंय, असा मला दाट संशय आहे. तरी काकींच्या देखत तो चाटतोच. मीही हल्ली घरून चहा न घेताच निघतो.