तेरा पानं जास्त

मैत्रिणींनो, रोह्यात मी रमजानसाठी हाताने वह्या शिवते, एका रोज्याच्या नोंदीला एक, अशी तीस पानं. आज नागोठण्याची शबाना दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. शबानाचा नवरा गेल्या रमजानमध्ये वारला. माझ्याच वहीची सतरा पानं त्याने भरली होती.

लेक म्हणाली, "खाला, माझ्या वहीला तेरा पानं जास्त लाव. अब्बांचे राहिलेले रोजे मी धरणार."

"नाय गो," शबाना म्हणाली, "गेलेल्या माणसावर पुढचे रोजे नसतात."

"मग त्यांची वही अर्धीच ठेवायची?"

शबाना तोंड फिरवून रडली. मी तेरा पानं जास्त शिवली.

माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. इफ्तारला मी अजून त्याच्या वाटणीचा खजूर बाजूला काढते. सांगा, त्या पोरीला मी कुठल्या तोंडाने समजावणार होते?