न्यू रॉसचा ‘युअर मॅन’

न्यू रॉसला जायचं ठरलं ते इतिहासाच्या ओढीने नव्हे, घरातल्या अबोल्यामुळे. तीन महिन्यांसाठी नागपूरहून आयर्लंडमध्ये, कॉर्कला आलेली आई कोरोनामुळे वर्षाहून जास्त आमच्याकडेच अडकली होती. अशात न्यू जर्सीहून मेघाताईचा फोन आला. शुक्रवारी ती अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेणार होती. जुन्या देशाची निष्ठा सोडते म्हणायचं आणि शेवटी देवाचं नाव घ्यायचं, अशी ती शपथ. आईने फोन माझ्या हातात दिला आणि त्यानंतर ताईशी बोलणंच बंद केलं.

“देवाचं नाव घेऊन आपल्याच माणसाइले सोडते म्हणायचं?” एवढंच म्हणाली.

आमच्या घरातला अमेरिकातज्ज्ञ मी. अमेरिकेत एकदाच गेलोय, तेही विमान बदलायला. आईला समजावायला मला व्याख्यान सुचलं आणि व्याख्यानाला साजेसं ठिकाणही. ज्याचे पणजोबा या भागातून जहाजाने गेले, त्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचा पुतळा न्यू रॉसच्या धक्क्यावर आहे. प्रवासबंदी नुकतीच उठली होती. बुधवारी रजा टाकली.

रस्ता सोपा आहे. कॉर्कहून एन-२५ धरायचा, यॉल, डंगार्वन, वॉटरफर्ड करत दोनेक तासांत पोचता. डंगार्वनला कॉफीला थांबा, पण तेव्हा खाणंपिणं सगळं बाहेर बसून होतं आणि वारा असा, की माझं सँडविच अर्धं सीगलने नेलं. आईने घरून आणलेली पोळी-ठेचा मुठीत घट्ट धरून खाल्ली आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

न्यू रॉसच्या अलीकडे नवा लांबलचक पूल लागतो.

“याला त्या राष्ट्राध्यक्षाच्या आईचं नाव दिलंय,” मी म्हणालो.

“आईचं?” सकाळपासूनचा हा तिचा पहिला शब्द.

मला चेव आला. धक्क्यावर पुतळ्यासमोर उभं राहून मी सुरू झालो. हा कॅथलिक, म्हणून निवडणुकीत लोकांना धास्ती, की सरकार पोपच्या सांगण्यावरून चालेल. याला जाहीर सांगावं लागलं, धर्म वेगळा आणि राज्यकारभार वेगळा. तरी शपथ घेताना हात ठेवला तो आईच्या माहेरच्या बायबलवरच. म्हणजे बघ आई, त्या देशात...

“इथं चहा भेटते का?” आईने विचारलं.

बाकावर बसलेल्या एका आजींनी मास्क खाली ओढला. “युअर मॅनला बघायला आलात का? आमच्या आईने याचा फोटो येशूच्या बाजूला लावला होता. पलीकडच्या बाजूला पोप.”

आईने माझी बाही ओढली. “युअर मॅन? आपला माणूस म्हणून राहिली का ते याले?”

आयर्लंडमध्ये ‘युअर मॅन’ म्हणजे नुसता ‘तो बुवा’. बॉयलर दुरुस्त करणाराही युअर मॅनच. मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर आई तिच्या शाळेतल्या इंग्रजीत विचारून मोकळी झाली. “बट ही वॉज अमेरिकन, नो?”

“होता की! पणजोबाच गेले ना इथून.”

“स्टिल युअर मॅन?”

आजी हसल्या. “युअर मॅन, ऑल्वेज.”

परतीच्या वाटेवर वॉटरफर्ड आलं तेव्हा आई म्हणाली, “पणजोबा गेले, म्हणजे चौथी पिढी. न् शपथ अमेरिकेचीच घेतली ना रे त्यानं?”

“हो.”

“तरी आपला म्हणतात.”

लोकांच्या लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन सुधारणारा माणूस आहे मी. पण तिचा चेहरा बघितला आणि तिचं ‘युअर मॅन’ सुधारायचं राहू दिलं.

घरी आल्यावर तिने चप्पल काढायच्या आधी फोन लावला.

“मेघा, शपथेत देव कोणता, ते विचारतात का?”

“नाही गं आई.” ताईचा आवाज लगेच ओला झाला.

“मग घे बिनधास्त. आपला ऐकते. न् ते सोडते-बिडते म्हणायचं असंन, तेही म्हण. तू म्हटल्यानं काय होते? मी कुठं सोडून राहिली?”

ताई बराच वेळ रडत होती. मी प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, उगाच कप काढत राहिलो.

ट्रिपमधून हाती काय लागलं म्हणाल, तर व्याख्यान फुकट गेलं आणि सँडविच सीगलने नेलं. पुढच्या आठवड्यात बॉयलर बिघडला. शेजारीण म्हणाली, “युअर मॅन दारात उभा आहे.” आईने त्याला चहा दिला, चिवडा दिला, वर त्याची आई कशी आहे ते विचारलं. मी अजून काही बोललेलो नाही.