चार नंबरची रिबीन

मूर्तिजापूरच्या काळ्या मातीत धान पेरायचं म्हटल्यावर लोक मला हसले. मी कृषी सहायक. हसणं ऐकून घ्यायचाच मला पगार मिळतो. चिखल नाही, रोवणी नाही, ज्वारीसारखं तिफणीनं पेरायचं धान! आठ नवे वाण, आठ पट्टे, प्रत्येक पट्ट्यात नंबराची खुंटी. पाहून एक निवडायचा, पुढच्या साली तोच पेरायचा. जागा कोणी देईना. दिली ती गोदाबाईंनी.

गोदाबाईंचं माहेर वैनगंगेकाठचं. अठराव्या वर्षी त्या इथं आल्या आणि भाकरीच्या मुलखात भाताला आसुसल्या. पुढे माहेरचं गाव धरणात गेलं. "आता जावंसं वाटलं तं कुठं जाऊ? पान्यात?" असं त्या एकदा मला म्हणाल्या.

सप्टेंबरात निवडीचा दिवस ठेवला. दहा बायका, प्रत्येकीला एक लाल रिबीन. पसंत पडेल त्या वाणाच्या खुंटीला बांधायची. सात नंबरच्या लोंब्या भरून वाकल्या होत्या. चार नंबर आत्ता कुठं फुलोऱ्यात. पाऊस लवकर परतला की पोचट राहणार, हे उघड होतं. पण वास! गोदाबाई तिथं डोळे मिटून उभ्या राहिल्या. हलेचनात.

माझं चुकलं ते इथंच. बायकांना एकेकटीनं पाठवायला हवं होतं. गावात धानातलं कळतं ते एकट्या गोदाबाईंना. त्या जिथं उभ्या, तिथंच नऊ जणींनी पटापट रिबिनी बांधल्या.

"कावून बांधल्या इथं?" गोदाबाईंनी डोळे उघडून विचारलं.

"तुमी उभ्या होत्या नं, आई," त्यांची सून प्राजक्ता म्हणाली.

गोदाबाई भडकल्या. "अवं बायांनो, मी धान पाहून नाही राहिली. मले माह्या मायबापाचं आंगन दिसून राहिलं. तुमाले लेकरं पोसाची हायेत. सोडा त्या! दाना चावून पाहा, मंग बांधा."

नऊ रिबिनी सुटल्या. बायकांनी या वेळी लोंब्या हातात घेतल्या, दाणे चावले. आठ रिबिनी सातला गेल्या, एक दोनला.

"अन् तुमची, आई?" प्राजक्तानं विचारलं.

गोदाबाई चार नंबरकडे गेल्या. रिबीन बांधली, वर आणखी एक गाठ मारली.

"हे पुढच्या साली येत नाही, मालूम हाये मले," त्या मला म्हणाल्या. "तरी लिवा."

मी एक मत लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'सुवास' लिहिलं, मग खोडलं आणि 'माहेर' लिहिलं. साहेब ओरडले तर ओरडोत.