हरभऱ्याएवढे मणी

बाटलीचं बूच निघालं आणि सुकलेल्या करवंदांसारखा वास स्वयंपाकघरात पसरला. आमच्याच बागेतल्या काळ्या द्राक्षांची ही वाइन. वायनरीनं दिलेल्या बाटल्यांतली शेवटची. हे गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता.

ही वाइन झाली त्या वर्षी ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला आणि अर्धे घड गळून गेले. पुढं आमच्या विहिरीनं तळ गाठला. उरलेले मणी हरभऱ्याएवढेच राहिले. ह्यांनी आयुष्यभर खायची द्राक्षं पिकवलेली, त्यामुळं मण्याचा आकार बघूनच बाग जोखायचे. एका सकाळी कुऱ्हाड घेऊन वेलींपाशी उभे राहिले.

"काढूनच टाकतो सगळी."

मी एक मणी तोडून त्यांच्या तोंडात घातला. "आदी चावून तरी बघा."

त्यांनी चावला. रस थेंबभरच, बाकी नुसती जाड साल आणि गोडी. त्यांची जांभळी झालेली जीभ बघून मला हसू फुटलं. मग तेही हसले आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

त्या सालींनीच वाइनला असा दाट रंग आणि अशी चव दिली, की वायनरीची माणसं घरी सांगायला आली. ती गेल्यावर हे म्हणाले, "वाइन लई झ्याक झाली, पण असलं वरीस पुन्हा नको गं."

"न्हाईच," मी म्हणाले होते.

यंदा विहिरीला भरपूर पाणी आहे. मणी टपोरे झालेत. बागेतून मी एकटीच फिरून येते.

आणि मला तेच वरीस पुन्हा हवंय.