चांदीसारखं जावळ

घनसावंगीच्या स्टँडजवळ ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं केस कापून घेतो, त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. कात्री चालू तोवर त्यांचं तोंड चालू, आणि प्रत्येक वाक्यामागे ‘बराबर?’

नातवाचं जावळ काढायला त्यांना घरी बोलावलं. पोराचे चांदीसारखे केस पाहून ते एकदम गप्प झाले.

“गुरुजी, याला सारखा ताप येतो का?”

येत होता. त्यांनी वस्तरा पेटीत ठेवला. “जावळ ऱ्हाऊ द्या. जल्दी मोठ्या दवाखान्यात न्या.”

भरल्या घरात अभद्र बोलतात म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, “माझ्या पोरीचे असेच केस व्हते. देवाची देण म्हणून आम्ही मिरवले. ती गेल्यावर डॉक्टरनं सांगितलं, तो रोग व्हता.”

तपासणीत तेच निघालं. पेशीतला माल कडेपर्यंत पोचवणारं एक प्रथिन नातवाच्या अंगात बिघडलेलं होतं. त्यामुळे केसांत रंग उतरत नव्हता, आणि रोगजंतूंनी धरलेल्या पेशी मारणारं विष रक्तातल्या लढाऊ पेशींतून बाहेर पडत नव्हतं. पुढे त्याच्या बहिणीचा बोनमॅरो जुळला आणि पोरगं वाचलं.

हे सांगायला मी दुकानात गेलो.

“सख्ख्या बहिणीचा जुळला?” त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, “माझ्या पोरीलाबी भाऊ व्हता, गुरुजी. आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई.”