आईनं मांडीवर घेतलेलं गाठोडं

वडील निजामाच्या सरकारात तहसिलीत कारकून होते. औशाहून लातूरला बदली झाली तेव्हा त्यांनी सामान कसं भरायचं हे आईला विचारलंच नाही. दोन शिपाई बोलावले आणि बैलगाडी भरून टाकली. आई म्हणत होती, "अहो, तवा, पीठ आणि बाळाची दुपटी वर राहू द्या." वडील म्हणाले, "तू मधे बोलू नकोस."

लातूरला पोचलो तेव्हा बाळ ओलंचिंब होऊन रडत होतं. दुपटी पेटीत होती, पेटीवर पलंग आणि पलंगावर धान्याची पोती. वडील ओसरीवर बसून म्हणाले, "आधी चहा टाक."

"कशात टाकू?" आईनं विचारलं. बाळाला स्वतःच्या पदरात गुंडाळून ती पायरीवर बसली. "ज्यानं भरलं त्यानंच काढावं."

शेजारी बघत होते. वडिलांनी धुसफुसत एकेक पोतं उतरवलं. आई जागची हलली नाही. मला फार बरं वाटलं.

पुढे नांदेडला जाताना सगळं आईनं बांधलं. लागणाऱ्या वस्तूंचं गाठोडं तिनं वाटभर मांडीवर ठेवलं. गाडी रिकामी व्हायच्या आत शेगडीवर भाकरी भाजली जात होती.

त्यानंतर पाहुण्यांपुढे वडील सांगायचे, "आमच्याकडे बिऱ्हाड हलवताना कसलाच त्रास होत नाही. मी सगळं आधीच ठरवतो." आत आई चहा गाळायची. तिनं ते सोडून दिलं असेल. मी सोडलेलं नाही.