आईच्या आईच्या आईचं नाव

मी दिवसभर लोकांना त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचारते. ती माझी नोकरीच आहे. सिंगापूरला, पाया लेबार भागात एका बँकेच्या ऑफिसात बसून गिऱ्हाइकांची कागदपत्रं तपासायची, पासपोर्टवर एक नाव आणि जन्मदाखल्यावर दुसरं दिसलं की फाइल परत पाठवायची, पुरावा मागायचा. इतक्या वर्षांत कितीजणांना छळलं असेल देव जाणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझ्या आईच्या आईची आई कोण होती, तिचं नाव काय, हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला ते ठाऊक नाही, हे कळायलाही मला वयाची अठ्ठावन्न वर्षं लागली.

कळलं ते मुलामुळे. तो मेलबर्नला असतो. त्याचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. वाढदिवसाला त्याने एक डबी पाठवली. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, नळीत बंद करायची आणि पोस्टात टाकायची, की आपले पूर्वज कुठले ते कळतं. “मजा येईल मम्मा,” तो फोनवर म्हणाला. साडी पाठवली असती तरी मला मजा आली असती. पण एकटीच्या घरात कुणी काही करायला सांगितलं की बरं वाटतं, म्हणून केलं.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. प्रत्येकाच्या अंगात एक धागा फक्त आईकडून आलेला असतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. बापाचा त्यात काही संबंध नाही. माझ्या धाग्याला अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं नाव होतं, अगदी आमच्या ब्लॉकच्या पत्त्यासारखं. खाली नकाशा. तैवानच्या बाजूने बाण निघाले होते ते फिलिपिन्स, बोर्निओ, सुलावेसी करत एकीकडे पॅसिफिकमधल्या बेटांवर आणि दुसरीकडे थेट मादागास्करला पोचले होते. हजारो वर्षांपूर्वी होड्यांतून बायकापोरांसकट पसरत गेलेले हे दर्यावर्दी लोक. त्यांना ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. भारतात हा धागा क्वचित सापडतो आणि तिथे तो कसा पोचला ते सांगता येत नाही, असं शेवटी सरळ लिहून टाकलं होतं.

मला हसू फुटलं. आईचं आजोळ रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. मी सिंगापूरला निघाले तेव्हा माझ्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, ‘बाईमाणसाने समुद्र ओलांडू नये’ म्हणून माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. आणि तिच्याच रक्तात ही होडी! हे आईला सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. आई आता नाही. नवरा असता तर त्याने यावरून मला महिनाभर चिडवलं असतं. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, “कूल. माझ्यातही तो असणार, पण मुलगे तो पुढे देत नाहीत. म्हणजे आपल्या लाइनमध्ये तू लास्ट, मम्मा.” त्याने ते सहज म्हटलं, आणि त्याची मीटिंग होती.

खरंच होतं ते. आईला एकच बहीण, माझी मावशी, तिने लग्न केलं नाही. आईला मी एकटी. मला मुलगा. इतके समुद्र ओलांडून, इतक्या बाळंतपणांतून जे इथवर टिकलं, ते माझ्यापाशी, सहाव्या मजल्यावर, संपणार. मी उठून भांडी घासली. धुतलेलीच परत घासली.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन समोरच्या दारात गेले. तिथे एक मलाय बाई राहते, माझ्याच वयाची. तिच्या आईचं घराणं सुलावेसीहून जहाजाने आलेलं. नकाशा बघून तिने माझ्या पाठीत थाप मारली. “सेम बोट, लाह! आपण कझिन!” मग तिने तिच्या आईच्या आईच्या आईचं नाव सांगितलं आणि वर तिच्याही आईचं. त्यांच्यात लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. जन्मताना जे, मरताना तेच. “तुझ्या पणजीचं काय?” तिने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. “नाव नाही माहीत? आयो!” ती म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं. मला मात्र राग आला, तिचा नव्हे, आम्हा सगळ्यांचा.

आमच्यात लग्नात बाईचं आडनाव तर जातंच, पण पहिलं नावही जायचं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं आणि पेढे वाटायचे. माझंही असंच बदललं. नवऱ्याला त्याच्या आवडीचं नाव हवं होतं आणि मी बावळटासारखी लाजत होते. इथे पर्मनंट रेसिडेन्सीच्या अर्जाला मी लग्नाआधीची अमुक आणि आताची तमुक एकच, हे सिद्ध करायला गॅझेटचा कागद जोडावा लागला होता. त्याशिवाय माझं जन्मनाव कुठेच उरलेलं नाही. नंतर घरात आधी सूनबाई, मग वहिनी, काकू, मम्मा. माझ्या पणजीला तर कागदही नव्हता. श्राद्धाला तरी तिचं नाव घेत असतील, म्हणून ऑनलाइन गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, आईच्या आईपर्यंत ठीक, पण तिची आई यात बसत नाही. त्या ज्ञात-अज्ञात पितरांत येतात.

तिला पाहिलेलं आता एकच माणूस जिवंत होतं, मावशी. शहाऐंशी वर्षांची, पुण्यात एका वृद्धाश्रमात. लहानपणी ती प्रत्येक सुट्टीत तिच्या या आजीकडे, म्हणजे माझ्या पणजीकडे, राहायला असायची. आणि मला माझ्या जन्मनावाने हाक मारणारीही आता तीच एक. दर रविवारी मी तिला व्हिडिओ कॉल करते. तिला सांभाळणाऱ्या बाई फोन धरतात, मी इथून औषधं दिली का, नखं कापली का विचारत उंटावरून शेळ्या हाकते.

त्या रविवारपासून मी तिच्या मागे लागले. “मावशी, तुझ्या आजीचं नाव काय गं?”

“आजी.”

“अगं, पण तिला बाकीचे काय म्हणायचे?”

“थोरल्या वहिनी. गावातले बाई म्हणायचे.”

“आणि माहेरी?”

“माहेरी कुठे गेली ती कधी!” ती हसली. मग म्हणाली, “होतं काहीतरी. आई एकदा बोलली होती. आठवलं की सांगते हं.” आणि तिने मला माझ्या नावाने हाक मारून विचारलं, “तू कधी येतेस?”

“येते. दिवाळीनंतर येते.”

दिवाळी झाली. मी तिकीट काढलं आणि रद्द केलं. रजेचं कारण सांगितलं, ते खोटं होतं. खरं कारण हे की पुण्यात आता माझं घर नाही. आपल्याच गावात हॉटेलची किल्ली घेऊन लिफ्टमध्ये उभं राहायची कल्पना मला सोसत नव्हती. इथल्या एकटेपणाची निदान सवय झाली आहे. रविवार मात्र मी चुकवला नाही. मावशी कधी खाडी ओलांडणाऱ्या तरीबद्दल सांगायची, कधी आजी नारळ कसा एका घावात फोडायची ते. नाव येत नव्हतं. पुढे पुढे तर तिला जेवल्याचंही आठवेना. सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “ताई, फार विचारू नका. दिवसभर अस्वस्थ असतात मग.” मी बरं म्हटलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. मला ते नाव हवंच होतं. एवढ्या मोठ्या नकाशावर माझ्या ओळखीची एक तरी बाई मला हवी होती.

मार्चमधला रविवार. चहा घेऊन मी फोन लावला. बाईंनी स्क्रीन मावशीच्या तोंडासमोर धरला. नवरा गेल्यापासून मी केस रंगवत नाही, त्या दिवशी नुकतेच धुऊन मोकळे सोडले होते. मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून कुणाचा तसा उजळला नव्हता.

“आजी! कधी आलीस गं?”

मी चहा ठेवून उठून उभी राहिले. तिला दुरुस्त करायला हवं होतं, ते मी केलं नाही. मी विचारलं, “आले आत्ताच. माझं नाव काय, सांग बघू?”

तिने जीभ चावली. “इश्श! आजीचं नाव घेतात होय?”

“मी सांगते ना, घे.”

“नको बाई. आई रागावेल.”

ती सात-आठ वर्षांची होऊन बसली होती आणि कुणीतरी लावलेलं चांगलं वळण तिच्यात अजून शाबूत होतं. तिथे माझा काही इलाज चालणार नव्हता. मी डोळे पुसले आणि तिला आपल्यात परत आणावं म्हणून माझं जन्मनाव घेतलं. म्हटलं, ती आठवते का तुला, तुझ्या बहिणीची मुलगी?

“ती होय?” मावशी म्हणाली. “ती लांब गेली, समुद्रापलीकडे. येत नाही ती आता.” तिने चादरीवर हात फिरवून जागा केली. “तू बस ना, आजी.”

मी बसले.